अण्णांच्या मोसंबीची डोळकाडी

कर्जतहून सीना नदीकडं जाणाऱ्या कच्च्या वाटेवर, तिसऱ्या कोसाला कारभारी अण्णांचा रोपांचा मळा होता. आसपास सगळा मुरमाड माळ. बाभळी आणि बोरी सोडल्या तर डोळ्याला हिरवं काही लागायचं नाही. त्यात ही दीड एकराची पट्टी अशी हिरवीगार, की बैलगाडीतून जाणारा नवखा माणूस हटकून मान वळवून बघायचा.

मनकर्णा लग्न होऊन या मळ्यात आली तेव्हा सोळा वर्षांची होती. माहेरी तिनं बाजरी, मटकी आणि हुलगा एवढंच पाहिलेलं. इथं सकाळी दार उघडलं की वाफ्यावाफ्यांतून रोपांच्या रांगा, पाटाला खळखळणारं पाणी, आणि हवेत मोसंबीच्या पाल्याचा वास. पहिले आठ दिवस ती येता-जाता एखादं पान चुरगाळून हुंगायची. सासऱ्यांनी ते पाहिलं, पण रागावले नाहीत. म्हणाले, "वासावरनं झाड वळखायला शिकलीस तर डोळं मिटूनबी धंदा करशील."

अण्णांचा सगळा धंदा एका झाडावर उभा होता. विहिरीच्या थारोळ्याजवळ, मोटेचं पाणी जिथं पडायचं तिथं, एक मोसंबी होती. पातळ सालीची, रसाला दाट, आणि खाऊन झाल्यावर जिभेवर गोडी रेंगाळत ठेवणारी. या झाडाची काडी काढायची, काडीवरचा एकेक डोळा, म्हणजे कोंब फुटायची जागा, अलगद सालीसकट उचलायचा आणि जंबेरीच्या खुंटावर भरायचा. जंबेरी म्हणजे रानटी जातीचं लिंबू. फळ आंबट, काटे बोटभर, पण मूळ चिवट. खाली जंबेरीचं मूळ आणि वर अण्णांची मोसंबी, असं ते कलम. ज्या काडीवरचे डोळे घ्यायचे तिला डोळकाडी म्हणायचे. या कलमांसाठी थेट श्रीरामपूर-राहुरीकडची बागायतदार माणसं कर्जतच्या माळावर यायची.

डोळा भरायला अण्णांनी सुनेला शिकवलं. मुलाला, कानिफनाथला, त्यांनी आधी शिकवून पाहिलं होतं. पण कानिफची बोटं जाड, मोट आणि कुदळ धरून घट्टे पडलेली. मनकर्णाची बोटं लांब आणि हलकी. अण्णा शेजारी उकिडवे बसून सांगत राहायचे, "काडी गोल घ्यायची, तिकोनी न्हाई. खुंटाच्या सालीवर आडवी चीर, मग उबी. साल उचल. जखम करायची न्हाई, दार उघडायचं." पहिल्या वर्षी तिनं भरलेल्या शंभरातले जेमतेम तीस डोळे जगले. तिसऱ्या वर्षी नव्वदाच्या वर गेले. त्यानंतर अण्णांनी चाकू हातात घेतला नाही. तिच्या मागं केळीच्या सोपटाच्या पट्ट्या घेऊन बसायचे आणि ती डोळा भरून पुढं सरकली की बांधत यायचे. दोघं बोलायची फार कमी. पण ते हिवाळे, कोवळ्या उन्हातलं ते उकिडवं बसणं, मागून येणारा अण्णांचा खोकला, हे तिला पुढं जन्मभर पुरलं.

अण्णांची एक रीत मात्र घरात कुणाला पटायची नाही. दर साली मृगाच्या आधी ते सगळ्यांत उत्तम अशी पाच कलमं बाजूला काढायचे आणि ती विकायची नाहीत, फुकट द्यायची. तीही गावात नाही. एक नदीकाठच्या माणसाला, एक पाटाच्या पाण्यावरच्या माणसाला, एक एखाद्या शाळेत, असं लांब लांब. घेणाऱ्याला एवढंच सांगायचे, की झाड मोठं झालं आणि माझ्या घरचं माणूस डोळकाडी मागायला आलं, तर नाही म्हणायचं नाही. कलमांच्या मुळाशी मातीचा गोळा धरून, वरून गोणपाट गुंडाळून सुतळी बांधायचं काम मनकर्णाचं. कुणाचं कलम कुठं चाललंय हे तिला त्यामुळं पाठ होतं.

कानिफ एकदा जेवताना म्हणालाच, "अण्णा, फुकट न्येत्यात आन् उद्या तीच मानसं आपल्या झाडाची कलमं बांधून इकत्याल."

"इकू दे की."

"मग आपल्याकडं कोन येईल?"

अण्णांनी भाकरीचा तुकडा मोडून कालवणात बुडवला. "माझ्या बाची डाळिंबं हुती हितं. बेदाण्यावानी गोड. म्या ल्हान असताना दुस्काळ पडला, हीर आटली आन् समदी वाळली. बानं दुसरीकडं एक काडीबी दिल्याली न्हवती. त्यो म्हातारा मरस्तोवर त्याच डाळिंबांच्या गोष्टी सांगत ऱ्हायला. एका खुट्ट्याला समदी गुरं बांदू न्हायेत, कानिफ. खुट्टा उपाटला तर काय करशील?"

कानिफनं मान डोलावली, पण त्याला ते पटलं नव्हतं. सत्तर सालच्या थंडीत अण्णा गेले आणि ती पाच कलमांची रीत आपोआप बंद पडली. कुणी ठरवून बंद केली नाही. पुढच्या मृगात कामाची गर्दी होती, गिऱ्हाईक दारात होतं, आणि राहून गेलं.

एकाहत्तरचा पाऊस अर्धाच झाला. बाहत्तरला तोही नाही. आषाढ कोरडा गेला, श्रावण कोरडा गेला. पोळ्याला बैल धुवायला पाणी नव्हतं म्हणून लोकांनी ओल्या फडक्यानं त्यांची शिंगं पुसली. मळ्यातली जंबेरीची रोपं आधी गेली. मग विकायला तयार झालेली कलमं. कानिफ आणि मनकर्णा गावातल्या इतरांसारखी पाझर तलावाच्या कामावर जाऊ लागली. तो माती खणायचा, ती घमेलं वाहायची. खायला सरकारी दुकानातली लाल मिलो ज्वारी. तिची भाकरी थापताना तुटायची आणि गिळताना घशात अडकायची. संध्याकाळी येऊन विहिरीच्या तळातून हंडाभर पाणी शेंदायचं आणि थारोळ्याजवळच्या मोसंबीच्या बुडात ओतायचं, एवढाच काय तो रोपांचा धंदा उरला होता. पण तो हंडा चुकला नाही. मोसंबी जगली तर सगळं पुन्हा उभं राहील, हे दोघांनाही माहीत होतं.

फाल्गुन लागला आणि गावातल्या बाकीच्या विहिरी पार बसल्या. टँकर चार-चार दिवस यायचा नाही. एका सकाळी मनकर्णा शेंदायला गेली तर थारोळ्यावर लंकाबाई उभी. ही वरच्या आळीतली, अण्णांच्या वेळेपासून मळ्यात खुरपायला येणारी. डोक्यावर रिकामा हंडा, कडेवर नातू. पोराचे ओठ फुटलेले. तिनं मागितलं काहीच नाही. तिच्या मागं आणखी पाच-सहा बाया होत्या.

मनकर्णानं पोहरा सोडला आणि पहिलं पाणी लंकाबाईच्या हंड्यात ओतलं. त्या दिवशी विहिरीनं सात हंडे दिले आणि सातही गावात गेले.

कानिफ आला तेव्हा त्याला ते कळलंच. तो मोसंबीखाली बसला. "दोन हंडे झाडाला ठिवू," तो म्हणाला. "पाच गावाला. येवडं तर चालंल की न्हाई?"

"उद्या चारच निगाले तर?"

त्यानं मोसंबीच्या बुडातली कोरडी माती बोटानं उकरली.

"अवो, पोरं तोंडं वासून बसल्याली असताना म्या झाडाच्या बुडात पानी कसं वतू? माजा हातच हुनार न्हाई."

"अण्णा असते तर?"

"अण्णांनी मला इचारलंबी नसतं. पयला हंडा त्यांनीच भरून दिला असता."

कानिफनं बराच वेळ खोडावर हात ठेवला होता. मग उठला, पोहरा आणि दोर थारोळ्यावर ठेवला आणि आळीत निरोप सांगायला गेला, की उद्यापास्नं सगळ्यांनी या.

झाड लगेच गेलं नाही. आधी पानं मिटली, गळली. आणि मग चैत्रात, एक पानही नसताना, त्या मोसंबीनं अंगभर फुलं घेतली. शेंड्यापासून बुडापर्यंत पांढरी. पाण्याला आलेल्या बाया हंडे खाली ठेवून बघत राहिल्या. कोरड्या माळावर वाऱ्याबरोबर तो वास पार तलावाच्या कामापर्यंत जायचा. कुणीतरी म्हणालं, झाड तरारलं. मनकर्णाला ठाऊक होतं की झाड मरायला टेकलं की असं फुलतं. या झाडाचे डोळे काढून ठेवावेत म्हटलं, तर भरायला जंबेरीचा एक खुंट शिल्लक नव्हता, आणि काडी ओल्या फडक्यात आठ-दहा दिवसांवर टिकत नाही. दहा दिवसांत फुलं तपकिरी होऊन झडली. वैशाखात काडी मोडून पाहिली तर आतून कोरडी वाजली.

त्र्याहत्तरला मात्र आषाढात पाऊस आला तो झोडपून आला. विहीर भरली. मळ्यात ढोपरभर गवत झालं. कानिफनं वाळलेली मोसंबी तोडली नव्हती, आता तोडली, आणि तिची फाटी लंकाबाईच्या दारात नेऊन टाकली. घरच्या चुलीत घालायची त्याची छाती झाली नाही.

वाफे पुन्हा आखले. मिरची आणि वांग्याचं बी टाकलं, कारण ती रोपं महिन्या-दीड महिन्यात विकता येतात आणि घर चालतं. मनकर्णानं श्रीगोंद्याकडच्या एका ओळखीच्या घरून जंबेरीची फळं आणवली आणि एका बाजूला त्यांचं बी लावलं. मिरचीची रोपं न्यायला येणारा दर तिसरा माणूस विचारायचा, "मोसंबी कवा हुईल?" ती म्हणायची, "खुंट वाडू द्या."

वर्ष-सव्वा वर्षात खुंट पेन्सिलीएवढे झाले. चौऱ्याहत्तरचा भादवा होता. कानिफ म्हणाला, "नगराकडं मोठ्या रोपवाल्याकडनं डोळकाडी आनतो. मोसंबीचाच डोळा, मोसंबीच लागंल."

"लागंल. पर अण्णांची न्हाई लागायची."

"आता अण्णांची कुठनं आनायची?"

"अण्णांनी कशापायी वाटली हुती?" ती म्हणाली.

तो तिच्याकडं पाहतच राहिला. इतक्या दिवसांत हे त्याच्या डोक्यातच आलं नव्हतं, आणि खरं सांगायचं तर ते कबूल करायला तो लाजला.

मनकर्णा चौथीपर्यंत शिकलेली. दुपारची भाकरी झाली की ती चुलीशेजारी बसून एकेक नाव आठवायची. कोणतं गोणपाट कोणत्या गावाला गेलं, सुतळीची गाठ मारताना अण्णा काय म्हणाले. अठरा नावं आठवली, त्यातल्या अकरांचे पत्ते धड होते. अकरा पोस्टकार्डं तिनं स्वतःच्या अक्षरात लिहिली. उत्तरं चार आली. तिघांची झाडं दुष्काळात गेली होती. एकानं तर पत्रात माफी मागितली होती, जणू पाऊस त्यानंच अडवला होता. चौथं पत्र राहुरीच्या बाजूच्या पुंजाराम नावाच्या म्हाताऱ्या शेतकऱ्याचं. त्यात दोनच ओळी. झाड हिरवेगार आहे. केव्हाही यावे.

घटस्थापनेच्या आधी दोघं निघाली. मळ्यावर लंकाबाई राहिली. कर्जतहून नगर, नगरहून राहुरी, एसटीच्या दोन गाड्या बदलून दुपारी पुंजारामच्या वस्तीवर पोचली. म्हातारा बांधावरच उभा होता. त्यानं पाणी दिलं, गूळ दिला आणि थेट झाडाकडं नेलं. झाड खरोखर हिरवंगार होतं, पुरुषभर उंच, दाट. कानिफच्या चेहऱ्यावर हसू आलं.

मनकर्णानं एक पान तोडलं, चुरगाळलं आणि हुंगलं. मग ती खाली वाकली आणि बुडाशी वाढलेलं गवत हातानं बाजूला केलं. जमिनीपासून वीतभर वर, जिथं डोळा भरला होता, तिथं एक वाळका, काळा पडलेला खुंटारा होता. त्याच्या खालून, जंबेरीच्या खोडातून, हे सगळं हिरवं झाड फुटलं होतं. मोसंबी मेली होती. तिचं मूळ तेवढं जगलं होतं.

"काय झालं, पोरी?" पुंजारामनं विचारलं.

खोटं बोलावं असं तिच्या मनात आलं. पण म्हातारा तिच्या तोंडाकडं बघत होता. "मामा, ही जंबेरी हाय. वरलं कलम दुस्काळात गेलं. खालनं ह्ये फुटलं."

पुंजारामनं वाकून तो खुंटारा बोटानं चाचपला. "फळं आंबट आली ती मला दुस्काळानं वाटली. मग म्या दोन वर्सं कुनाला पानी घातलं?"

"ह्याच्याच जिवावर मोसंबी उबी ऱ्हाती, मामा. ह्येबी आमच्या घरचंच हाय." तिनं झाडाखाली पडलेली पिवळी, खरबरीत सालीची फळं वेचायला घेतली. "ह्यातलं बी आमाला लागतंय. पुढल्या सालचे खुंट ह्याचेच करीन."

म्हाताऱ्याला जरा बरं वाटलं. त्यानं स्वतः काठीनं वरची फळं पाडली आणि पिशवी भरून दिली. पण एसटी गाठायला वाटेला लागल्यावर कानिफ म्हणाला, "चल आता घरला. झालं तेवडं लई झालं."

"श्रीरामपूरला जाऊन यू."

"तितनं उत्तर न्हाई आलं."

"'न्हाई' म्हनूनबी कळवलं न्हाई," मनकर्णा म्हणाली, आणि स्टँडवर श्रीरामपूरची गाडी लागलेली होती म्हणून, की तिच्या आवाजात काही होतं म्हणून, कानिफ मुकाट्यानं चढला.

श्रीरामपूरजवळच्या एका मिशन शाळेतल्या साराबाईंना अण्णांनी बासष्ट साली कलम दिलं होतं. साराबाई लिंबाची दोन रोपं न्यायला आल्या होत्या, पांढरं पातळ, पायात वहाणा, आणि रोपांना कसं पाणी द्यायचं ते त्यांनी वहीत लिहून घेतलं होतं. मनकर्णाला त्या आठवत होत्या त्या वहीमुळं. रात्र स्टँडवर काढून दुसऱ्या दिवशी शाळा शोधत दोघं पोचली तेव्हा मधली सुट्टी चालू होती. आवाराच्या कडेला, हात धुवायच्या कट्ट्यापलीकडं, एक मोसंबी उभी होती.

पान तोडायच्या आधीच मनकर्णाला वास आला. ती तिथंच उभी राहिली.

साराबाई वर्गातून बाहेर आल्या. केस आता बरेच पिकले होते. नाव-गाव ऐकताच म्हणाल्या, "तुमचं कार्ड माझ्या जुन्या पत्त्यावर गेलं होतं, परवा हातात पडलं. कालच उत्तर टाकलंय. तुम्ही पत्राच्या आधी आलात. बसा, आधी पाणी घ्या."

"बाई, ह्ये जगलं कसं?" कानिफनं विचारलं.

"मुलांनी जगवलं. दुष्काळात शाळेत सुकडी मिळायची. खाण्याआधी आणि खाऊन झाल्यावर मुलं हात धुवायची, त्या पाण्याला मी चर काढून दिला इकडं. वेगळं पाणी एक तांब्यासुद्धा घातलं नाही, घालायला नव्हतंच. दीडशे पोरांचे तीनशे हात, दिवसातून दोन वेळा." साराबाई हसल्या. "तेलकट, साखरेचं पाणी. झाडाला मानवलं म्हणायचं."

त्यांनी एक फळ तोडून आणलं, सुरीनं चार फोडी केल्या. मनकर्णानं फोड तोंडात घातली आणि तिच्या डोळ्यांपुढं तो सगळा मळा आला. थारोळं, पाटाचा आवाज, पानांमागून दिसणारं अण्णांचं मुंडासं, दर पाच-दहा मिनिटांनी येणारा तो खोकला. तिनं पदर तोंडाला लावला. कानिफ दुसरीकडं बघत फोड चावत होता.

"अण्णा गेले ते मला उशिरा कळलं," साराबाई म्हणाल्या. "दोन दिवाळ्या ते आले नाहीत, तेव्हाच मी समजले."

"म्हंजी?" मनकर्णानं विचारलं. "अण्णा हितं यायचे?"

"दर वर्षी. दिवाळी झाली की यायचे. तुम्हाला माहीत नाही?"

दोघांनी एकमेकांकडं पाहिलं. दिवाळी झाली की अण्णा पाच-सहा दिवस जायचे खरे. नगरच्या बाजाराला जातो म्हणायचे, चाकू-कात्रीला धार लावून आणतो म्हणायचे. सहा दिवस कसली धार लावतात, असं कानिफ थट्टेनं विचारायचा.

"राहुरीकडं आणखी कुठं-कुठं झाडं आहेत म्हणायचे, ती बघत बघत यायचे. इथं झाडाखाली बसून फडक्यातली भाकरी खायचे. फांदी छाटायची असली तर छाटायचे. एकदा मी म्हटलं, अण्णा, एवढ्या लांबून एका झाडासाठी कशाला येता? तर त्या जोडावर, जिथं डोळा भरलाय ना, तिथं बोट ठेवून म्हणाले, 'बाई, ह्यो सांधा बघा. कुठं सांधलंय कळतंय का? माझ्या सुनंचा हात हाय ह्यो. म्या सांधा बघाया येतो.'"

दहा वर्षांत अण्णांनी तिला तोंडावर कधी बरं म्हटलं नव्हतं. डोळे जगले तर "हं" म्हणायचे, मेले तर "उन्हं लागली" म्हणायचे. ती उठली, झाडाच्या बुडाशी गेली आणि त्या सांध्यावर आपलं बोट फिरवलं. बासष्ट सालचा सांधा. तेव्हा ती अठरा वर्षांची होती.

"डोळकाड्या हव्या तेवढ्या घ्या," साराबाई मागून म्हणाल्या. "आणि एक सांगते. अण्णांनी मला बजावलं होतं, की झाड मोठं झालं की तुम्हीही दोघांना द्या. मी कलम बांधणाऱ्या एका माणसाला बोलावून दोन करून घेतली. एक माझ्या भावाकडं आहे, दानीएलकडं, बेलापूरला. एक आमच्या चर्चच्या आवारात. ती दोन्हीही जगलीत. म्हणजे माझं गेलं असतं तरी तुम्हाला मिळालं असतं."

कानिफ कट्ट्यावर बसला होता. त्यानं टोपी काढून मांडीवर ठेवली. "आमी त्यास्नी येडं म्हनत हुतो, बाई," तो म्हणाला.

त्या दुपारी मनकर्णानं तीस काड्या निवडल्या, गोल, पक्व, ना कोवळ्या ना जून. पानं देठापाशी कापली, देठ राखले. शाळेच्या मागं केळी होती, तिचं सोपट काढून त्यात ओलं गोणपाट गुंडाळलं आणि त्यात काड्या. मुलं भोवती जमून बघत होती. एका मुलीनं विचारलं, "आमचं झाड नेता काय?" मनकर्णा म्हणाली, "न्हाई गं, तुजं झाड हितंच हाय. म्या त्याचं डोळं न्येते." मुलगी घाबरून झाडाकडं बघायला लागली, तेव्हा साराबाईंनी तिला जवळ घेऊन डोळा म्हणजे काय ते काडीवर दाखवलं.

परतीला एसटीत उभं राहायलाही जागा नव्हती. कानिफनं ती गुंडाळी दोन्ही हातांनी छातीशी धरली होती, तान्हं मूल धरावं तशी. नगरच्या स्टँडवर त्यानं नळाखाली गोणपाट पुन्हा ओलं केलं.

दुसऱ्या दिवशी उजाडायलाच काम सुरू झालं. मनकर्णा खुंटांच्या रांगेत उकिडवी बसली. आडवी चीर, उभी चीर, साल उचलायची, डोळा आत सरकवायचा. चार वर्षं चाकू धरला नव्हता, पण बोटं विसरली नव्हती. ती पुढं सरकली तेव्हा मागून सोपटाच्या पट्टीचा आवाज आला. कानिफ बांधायला बसला होता. त्याची गाठ अण्णांसारखी येत नव्हती. पहिल्या दहा-बारा तिनं सोडून पुन्हा बांधायला लावल्या. तोही निमूटपणे बांधत गेला. तीन दिवसांत अडीचशे डोळे भरून झाले.

बावीस दिवसांनी बांधण्या सोडल्या. काही डोळे काळे पडले होते, देठ चिकटून बसलेले. पण बऱ्याच ठिकाणी बोट लावताच वाळका देठ गळून पडला आणि खाली डोळा हिरवा, टपोरा. मनकर्णा मोजायच्या भानगडीत पडली नाही. लंकाबाईनं मोजले आणि एकशे सत्तर सांगितले.

थंडी सरली तसे डोळे फुटले. माघात कोवळी पानं रांगेनं हलायला लागली. मोसंबीची कलमं तयार होतायत ही बातमी मिरचीची रोपं नेणाऱ्यांनी पार मिरजगावपर्यंत नेली, आणि एका सकाळी एक म्हातारे गिऱ्हाईक काठी टेकत आले. त्यांनी अण्णांच्या हातची कलमं नेलेली होती, दुष्काळात ती गेली होती. वाफ्याच्या कडेला बसून त्यांनी एक पान खुडलं आणि हुंगलं.

"तीच हाय," ते म्हणाले. "अण्णांचीच."

मनकर्णानं मान डोलावली. ते गेल्यावर ती कानिफला म्हणाली, "साराबाईंच्या झाडाचं फळ चांगलं हुतं. पर अण्णांच्या झाडाची गोडी त्यात न्हवती. तिकडची काळी जमीन, रस पातळ पडतो."

"मग?"

"हितल्या मुरमात लागल्यावर कळंल."

"पाच वर्सं तरी लागत्याल."

"लागू द्या," ती म्हणाली, आणि पाटाला पाणी सोडायला विहिरीकडं निघाली.